लेखनसीमा

नारायण पेठेत एका मोडलेल्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एका करसल्लागारांची कचेरी आहे, आणि मंगळवार, २० ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी साडेदहापासून मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत, दोनदा चहासाठी आणि एकदा जेवणासाठी उठलो तेवढा अवधी वगळता, मी त्या कचेरीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर वही घेऊन बसून होतो. दिवस मी मुद्दाम निवडला होता. जुलै महिन्याचे ‘थ्री-बी’, म्हणजे वस्तू व सेवा कराचे मासिक विवरणपत्र, दाखल करण्याची ती अखेरची तारीख होती. आणि आदल्याच दिवशी राखी पौर्णिमा होऊन गेल्यामुळे निम्म्या व्यापाऱ्यांनी आपली खरेदीची बिले ‘सणानंतर बघू’ म्हणून त्याच दिवसावर ढकलली होती. १ जुलै २०१७ पासून हा कर अमलात आल्यावर या व्यवसायाचा महिना तिथीवारांनी चालेनासा झाला. तो आता सात, अकरा, पंधरा आणि वीस या चार तारखांवर पाय ठेवत चालतो: सातला टीडीएसचा भरणा, अकराला विक्रीचे विवरण, पंधराला भविष्यनिर्वाह निधी आणि विसाला थ्री-बी. वीस तारीख चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर दरसाल १८ टक्के व्याज असा सरळ हिशेब असल्याने, त्या दिवशी या कचेरीत कोणी मोठ्याने हसतसुद्धा नाही.

कचेरी म्हणजे चार टेबले, तीन सहायक, भिंतीवर कालनिर्णय आणि एक लोखंडी कपाट. कपाटाच्या वरच्या कप्प्यात काजूकतलीच्या एका रिकाम्या खोक्यात अशिलांच्या डिजिटल सह्यांचे डोंगल ठेवलेले असून प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेनने नाव लिहिले आहे. खालच्या कप्प्यात, लाल बासनात, करसल्लागारांच्या वडिलांच्या हातच्या रोजकिर्दी आहेत. वडील भवानी पेठेत एका भुसार व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. त्यांच्या हाताखाली एक पेढी होती. चिरंजिवांच्या हाताखाली १३६ आहेत, आणि या १३६ जणांपैकी प्रत्येकाच्या खिशात असे एक यंत्र आहे की ज्याच्यावर अंगठा टेकताच त्याचे म्हणणे नारायण पेठेतल्या या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, थरथरत येऊन पडते.

मी अशील हा शब्द वापरला तो जाणूनबुजून. फारसी दरबारातून मराठी कचेरीत आलेला हा शब्द मूळ माणसाचा वाचक आहे: ज्याचे काम आहे तो अशील आणि त्याच्या वतीने उभा राहतो तो वकील किंवा मुखत्यार. या व्यवस्थेचे सारे स्वारस्य असे की एकदा मुखत्यारी दिली म्हणजे अशिलाने आपल्या दुकानात जाऊन निश्चिंत बसावे आणि कामाची चिंता मुखत्याराने वाहावी. चिंता ही वस्तू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर देता येते, हे या शब्दाने गृहीत धरले होते. आता मात्र अशिलाने काम तर दिलेले असते, पण चिंता स्वतःजवळच ठेवलेली असते, आणि ती तो दर तासाला थोडी थोडी पाठवत राहतो.

वहीतला एक तुकडा जसाच्या तसा देतो. ११ वाजून ४ मिनिटे: रविवार पेठेतल्या हार्डवेअरवाल्यांचे ‘सर थ्रीबी झालं का?’ ११ वाजून ६ मिनिटे: त्यांच्याकडूनच दोन प्रश्नचिन्हे, नुसतीच. ११ वाजून ९ मिनिटे: भोसरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्यांनी पाठवलेली अकरा बिलांची छायाचित्रे, त्यांपैकी तीन आडवी, एकावर अंगठा. ११ वाजून १२ मिनिटे: ‘सर, बँकवाले समोर बसलेत, तीन वर्षांचे रिटर्न लगेच टाका.’ ११ वाजून १५ मिनिटे: एका केटररांची दीड मिनिटांची व्हॉइस नोट, जिच्यात सव्वा मिनिट मागे कढईत काहीतरी तळल्याचा आवाज आहे आणि शेवटी ‘तेवढं बघा साहेब’ एवढेच शब्द आहेत. ११ वाजून १६ मिनिटे: सुप्रभात, फुलांसह. ११ वाजून १९ मिनिटे: हार्डवेअरवाल्यांचे पुन्हा, ‘फक्त एकच विचारायचं होतं.’ यांतला एकही माणूस उर्मट नव्हता. प्रत्येकाने ‘सर’ किंवा ‘साहेब’ म्हटले होते, प्रत्येकाचा प्रश्न त्याच्यापुरता रास्त होता, आणि आपण एकटेच विचारीत आहोत असा प्रत्येकाचा प्रामाणिक समज होता. तगादा हा शब्द एरवी देणेकऱ्याच्या दारात बसलेल्या सावकारासाठी आहे. इथे देणे कोणाचेच थकलेले नव्हते, मुदत संपायला बारा-तेरा तास होते, आणि तरीही दारात माणसे बसलेली होतीच.

घाई ही आपल्या काळाची निर्मिती आहे असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले जे निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत प्रसिद्ध केले, ते चाळणाऱ्याला घाईच्या पत्रांची वाण पडत नाही. जासूद दौडत होते, कुमक मागितली जात होती, पैका मागितला जात होता, आणि उत्तर न आल्याची तक्रार करणारी पत्रेही होती. परंतु त्या काळच्या पत्राला एक गोष्ट होती जी आजच्या संदेशाला नाही. मजकूर संपला की ‘बहुत काय लिहिणे’ अशा धर्तीचे एखादे वाक्य येई आणि त्याखाली मोर्तब उमटे. शिवकालीन पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’ आणि पेशवाईतल्या पत्रांवर ‘लेखनसीमा’. व्यावहारिक हेतू अगदी रोकडा होता: खाली कोणी मागाहून ओळ घुसडू नये. पण त्या मुद्रेने आणखीही एक काम आपसूक होत असे. सांगणाऱ्याचे सांगून झाले, आता पाळी ऐकणाऱ्याची, आणि ती पाळी किती वेळ चालायची ते ऐकणारा, घोडा आणि मधल्या नद्या ठरवतील, असा तो एक मुका करार होता.

इंग्रजी अमदानीत हेच काम बारनिशीने केले. आपल्या जिल्हा कचेऱ्यांत अजूनही आवक-जावकाच्या टेबलाला बारनिशी म्हणतात. तिथे कागद येतो, त्याच्यावर शिक्का बसतो, त्याला क्रमांक आणि तारीख मिळते. आणि क्रमांक मिळालेल्या कागदाला थांबण्याचा हक्क प्राप्त होतो. या हक्काचा जो अतिरेक झाला त्याची साक्ष ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण देते, आणि जुन्या संथपणाविषयी हळवे होणाऱ्यांनी (त्यांत मीही आलो) ती म्हण वेळोवेळी आठवावी हे बरे. त्या सहा महिन्यांत कितीजणांच्या जमिनीच्या नोंदी अडकल्या, कितीजणींचे निवृत्तिवेतन रखडले. अखेर महाराष्ट्र शासनाला २००५ साली विलंबास प्रतिबंध करणारा कायदाच करावा लागला, आणि त्याने ठरवून दिले की कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक प्रलंबित राहू नये. सात दिवस! शासनसंस्थेने पूर्ण विचारांती वाजवी मानलेली मुदत सात दिवसांची, आणि रविवार पेठेतल्या सज्जन हार्डवेअरवाल्यांनी वाजवी मानलेली, माझ्या वहीप्रमाणे, दोन मिनिटांची.

या दोन टोकांच्या मधोमध तार होती. तारेचा धाक एवढा की ती हातात पडली म्हणजे वाचण्याआधी बायका खाली बसत. पण तारेला शब्दागणिक पैसे पडत, आणि त्यामुळे माणूस तारकचेरीच्या खिडकीशी उभा राहून पेन्सिलीने एकेक शब्द खोडत असे. तातडी ही विकत घ्यावी लागे आणि म्हणून जपून वापरली जाई. भारतातली शेवटची तार १४ जुलै २०१३ च्या रात्री गेली. त्यानंतर सुमारे सोळा महिन्यांनी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपने संदेश वाचला गेला की दोन करड्या खुणा निळ्या करण्याची पद्धत सुरू केली. मला स्वतःला असे वाटते की अशा व्यवसायांच्या इतिहासात खिशातल्या त्या यंत्राच्या जन्माहून ही निळी खूण अधिक परिणामकारक ठरली. तोवर मौनाचे अनेक अर्थ होते: पत्र पोचले नसेल, साहेब बाहेरगावी असतील, उत्तर तयार होत असेल. निळ्या खुणेने हे सारे सभ्य अर्थ एका फटक्यात रद्द केले आणि एकच उरवला: पाहिले, आणि तरीही बोलत नाही. ही खूण बंद करण्याची सोय थोड्याच दिवसांत देण्यात आली, पण ती वापरणे म्हणजे दाराला पडदा लावण्यासारखे झाले. पडदा का लावला, हा नवा प्रश्न.

करसल्लागारांनी ती सोय एकदा वापरून पाहिली होती. आठवड्याभरात एक अशील भेटायला आले आणि म्हणाले, “सर, काही नाराजी आहे का?” तेव्हापासून खुणा पुन्हा निळ्या.

व्यत्ययाची किंमत काय, हा प्रश्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हाइन शाखेतील संशोधक ग्लोरिया मार्क यांनी आयुष्यभर लावून धरला आहे. त्यांच्या निष्कर्षांपैकी जो एरवी सांगितला जातो तो असा की पडद्यावर एका ठिकाणी टिकणारे लक्ष २००४ च्या सुमारास सरासरी अडीच मिनिटे होते आणि अलीकडच्या वर्षांत ते ४७ सेकंदांवर आले. पण मला अधिक मार्मिक वाटला तो त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. त्यांत ४८ जणांना ई-पत्रांना उत्तरे देण्याचे काम दिले होते आणि काहींना मधूनमधून फोनवरून किंवा तात्काळ संदेशाने टोकले जाई. अपेक्षा अशी की टोकलेल्यांचे काम रेंगाळेल. घडले उलट: टोकलेल्यांनी काम लवकर संपवले, उत्तरे आखूड लिहिली, गुणवत्तेतही फरक दिसला नाही, मात्र ताण, चिडचिड आणि वेळ अपुरा पडत असल्याची भावना त्यांच्यात ठळकपणे अधिक होती. या निष्कर्षातली गोम ध्यानात घ्यावी. ताळेबंदात काहीच तूट दिसत नाही. काम झाले, वेळेत झाले, बरे झाले. जे खर्ची पडले ते कोणत्याच खात्यावर नावे टाकलेले नाही. मालकाला आणि अशिलाला तूट दिसत नसेल तर तो दोष त्यांच्या दृष्टीचा म्हणता येत नाही, कारण ती त्यांच्या वहीत नाहीच.

सोफी लरॉय या विदुषींनी २००९ साली याच्या शेजारचीच एक गोष्ट दाखवून दिली: एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाच्या मनाचा काही अंश पहिल्याच कामावर चिकटून राहतो. त्यांनी त्याला अवधानाचा अवशेष अशा अर्थाचे नाव दिले आहे. मराठीत याला खरकटे म्हणावे. ताट न घासता त्यात पुढचे वाढले, म्हणजे श्रीखंडाला रश्श्याची चव येते.

त्या खरकट्याची एक हकीकत कचेरीतल्या ज्येष्ठ सहायक ताईंनी सांगितली, आणि सांगताना त्या अजूनही ओशाळल्या. दोन भाऊ, दोन स्वतंत्र दुकाने, नावे जवळजवळ सारखी. ताई थोरल्याच्या खरेदीची पोर्टलवरल्या ‘टू-बी’शी, म्हणजे विक्रेत्यांनी नोंदवलेल्या बिलांच्या उताऱ्याशी, रुजुवात घालून त्याचे थ्री-बी भरत होत्या. मध्ये धाकट्याचा संदेश आला: ‘ताई, माझ्या लेजरला किती शिल्लक दाखवतंय?’ त्या थोरल्याच्या खात्यातून बाहेर पडल्या, धाकट्याच्या खात्यात शिरल्या, शिल्लक पाहिली, कळवली, आणि समोर पडलेल्या कागदावरचे आकडे पुढे भरू लागल्या. कागद थोरल्याचा होता, खाते धाकट्याचे. या विवरणपत्राचा स्वभाव असा की एकदा दाखल केलेले थ्री-बी दुरुस्त करता येत नाही. जी काही मखलाशी करायची ती पुढच्या महिन्यांच्या विवरणात. दोन भावांचे आधीच फारसे पटत नव्हते, त्यात हे. सल्लागारांनी व्याज स्वतःच्या खिशातून भरले. “मी काही वेगळं करत नव्हते हो,” ताई म्हणाल्या, “उत्तरच तर देत होते.”

संध्याकाळी साडेसहानंतर नदीपात्राच्या बाजूने ढोलपथकांचा सराव सुरू झाला. गणेश चतुर्थी अठरा दिवसांवर आली होती, आणि तो घनगंभीर आवाज खिडकीची तावदाने हलवीत थेट टेबलांपर्यंत येत होता. त्याने ताईंच्या बोटांची गती यत्किंचितही कमी झाली नाही. परंतु फोनची जी बारीक घरघर लाकडावर उमटे, जी मला चार हातांवर ऐकूही येत नसे, तिने मात्र त्यांची बोटे प्रत्येक वेळी थबकत, मग फोन पाहिला जावो अथवा न जावो. ढोल कोणाला काही विचारीत नाही.

वस्तुतः आयटी कंपन्यांच्या हिंजवडीत जाऊनही मी हीच वही भरणार होतो, आणि एक दिवस गेलोही. परंतु तिथली कथा बहुतेक वाचकांच्या घरातच घडत असल्याने ती मी थोडक्यात आटोपतो. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, सबब तिकडचा दिवस इकडच्या रात्रीवर कलम केलेला असतो. तिथे निळ्या खुणेची जागा नावापुढल्या हिरव्या ठिपक्याने घेतली आहे. काही मिनिटे कळफलकाला हात लागला नाही की तो पिवळा पडतो, आणि तो हिरवा राहावा म्हणून जेवताना डाव्या हाताने माउस हलवीत राहणारा एक तरुण मी पाहिला. कचेरीतल्या संदेशांच्या या जातीच्या साधनांपैकी स्लॅकची उत्पत्ती मात्र मौजेची आहे. कॅनडा-अमेरिकेतल्या एका लहान कंपनीने ‘ग्लिच’ नावाचा खेळ काढला, तो २०१२ च्या अखेरीस बंद पडला, आणि खेळ करताना आपसांत बोलण्यासाठी बनवलेले साधनच पुढल्या वर्षी बाजारात आले. बुडालेल्या खेळातून हे काम निघाले, आणि त्याला नाव मिळाले ते ढिलाईच्या अर्थाचे.

आपल्याकडे विश्रांतीचा हक्क प्रथम मिळाला तो गिरणीच्या भोंग्याविरुद्ध. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सहा वर्षे अर्ज, सभा, आर्जवे यांत घालवली, आणि १० जून १८९० रोजी मालकांकडून रविवारची सुट्टी मान्य करून घेतली. भोंगा एक होता, धुराडे दिसत होते, मालकाचे नाव ठाऊक होते. मागणी कोणाकडे करायची याविषयी संदिग्धता नव्हती. आपल्या काळात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मुक्त राहण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले. आणि खासगी विधेयकांचे आपल्या संसदेतले प्राक्तन असे की स्वातंत्र्यानंतर जी चौदा कायद्यात परिणत झाली त्यांतले शेवटचे १९७० चे आहे. फ्रान्सने असा हक्क २०१७ च्या प्रारंभापासून दिला. ऑस्ट्रेलियाचा कायदा तर मी नारायण पेठेत बसलो होतो त्यानंतर सहाच दिवसांनी अमलात आला, आणि त्याचे वैशिष्ट्य हे की केवळ मालकाचेच नव्हे तर ग्राहकासारख्या त्रयस्थाचेही कामाच्या वेळेबाहेरचे संदेश न वाचण्याचा हक्क त्याने नोकराला दिला, अर्थात नकार अवाजवी नसेल तर. मी हे करसल्लागारांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा पुसत शांतपणे विचारले, “यात मी नोकर कोणाचा?” प्रश्न बिनतोड होता. ज्याला एक मालक आहे त्याच्यासाठी कायदा करता येतो. ज्याला १३६ आहेत त्याने कोणाविरुद्ध दाद मागावी?

आणि ते स्वतःही सोवळे नव्हते, हे नमूद केले पाहिजे. रात्री पावणेदहाला सगळी विवरणे जाऊन एकच उरले होते, सकाळच्या त्या केटररांचे. आकडे भरलेले, कर भरलेला; उरला होता फक्त ओटीपी, जो अशिलाच्याच फोनवर जातो आणि थोड्या मिनिटांत निर्जीव होतो. ‘शेठ, ओटीपी पाठवा.’ खुणा करड्याच. ‘शेठ?’ मग दोन प्रश्नचिन्हे, नुसतीच. मग फोन; वाजून वाजून बंद पडला. सल्लागार उठून खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा फोन लावला. पहिला ओटीपी मेला, दुसरा मागवला, तोही मेला. दिवसभरात ज्यांनी तीनदा ‘झालं का?’ विचारले ते गृहस्थ आता कुठे गडप झाले, हे कळायला सव्वाअकरा वाजले, जेव्हा त्यांच्या एका वाढप्याने फोन उचलला. श्रावणातला मंगळवार होता; कोथरूडला एका घरी मंगळागौर होती, पंगती उशिरा बसल्या होत्या, आणि शेठ स्वतः मठ्ठ्याचे पातेले धरून वाढत होते. त्यांचा फोन तांदळाच्या पोत्यावर पडलेला होता. एक माणूस वाढता वाढता काम सोडून पोत्याशी आला, हात धोतराला पुसले असतील, आणि मागे चाललेल्या फुगड्यांच्या गलबल्यातून सहा अंक एकेक करून ओरडून सांगू लागला. ताई ते अंक मोठ्याने परत म्हणत होत्या. ११ वाजून ४६ मिनिटांनी पोचपावतीचा क्रमांक पडद्यावर उमटला. सल्लागारांनी कपाटातली चालू वर्षाची वही काढली, दिवसाची शेवटची नोंद केली, आणि वडिलांप्रमाणे तिच्याखाली पट्टीने दुहेरी रेघ मारली.

मी निरोप घेऊन निघालो. अलका चौकापर्यंत रस्ता ओला आणि बराचसा रिकामा होता. तिथे दिव्याखाली उभा राहून मी वही उघडली, तेव्हा सकाळी घाईत लिहिलेला अशिलांचा आकडा १३६ आहे की १६३ हे माझ्याच अक्षरात मला लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारता आले असते. मी फोन काढला आणि लिहिले, ‘झोपला नसाल तर, फक्त एकच विचारायचं होतं.’

दोन्ही खुणा तत्काळ निळ्या झाल्या. ‘१३६,’ असे उत्तर आले, आणि त्यापाठोपाठ, ‘अजून काही?’